ताप आज तिसरा दिवस, एक्स-रे नॉर्मल, मग सीटी करून घेऊ का?

तुमचा प्रश्न मला असा समजलाय: परवापासून ताप, अंग ठणकतंय, घसा धरलाय, कोरडा खोकला. घरी केलेली अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला, तोही नॉर्मल, आणि "दोन दिवस वाट बघू" म्हणाले. घरच्यांचं म्हणणं की एक्स-रेत सुरुवातीचं काही दिसतच नाही, सीटी केला की व्हायरल इन्फेक्शन आजच्या आज पकडलं जाईल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की एक्स-रेचा फोटो टाकला की निदान सांगणारी जी एआय टूल्स आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे एक्स-रे आणि सीटी वाचणं हे रोजचंच काम, त्यामुळे उत्तर आधी देऊन टाकते आणि कारणं नंतर सांगते. तुम्ही लिहिलंय त्यावरून वय पस्तीस, दम लागत नाही, ऑक्सिजन ९७-९८, डायबेटिस वगैरे काही नाही. असं असेल तर आज सीटी करू नका. स्वॅबची पीसीआर करा, ऑक्सिजनवर लक्ष ठेवा, आणि डॉक्टर थांबू म्हणाले ती टाळाटाळ नाहीये. यातली एक जरी गोष्ट बदलली तर माझं उत्तरही बदलेल, ते कधी आणि कसं ते खाली येईलच.

खरी अडचण अशी आहे की तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. मला व्हायरस लागलाय का, तो छातीत उतरलाय का, आणि मी पुढे सिरीयस होणार का. पहिल्याचं उत्तर नाका-घशातला स्वॅब देतो. दुसऱ्याचं उत्तर एक्स-रे किंवा सीटी देऊ शकतो, पण तो छातीत उतरला असेल आणि उतरून थोडा वेळ गेला असेल तरच. तिसऱ्याचं उत्तर तिसऱ्या दिवशीचा कुठलाच फोटो देत नाही, आणि माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला सीटी हवा असतो तो नेमका या तिसऱ्या प्रश्नासाठी.

आता हे असं का ते बघा. फ्लू असो, कोविड असो, आरएसव्ही (सर्दी-खोकल्याचा आणखी एक व्हायरस) असो, बहुतेक वेळा व्हायरस आधी नाकात, घशात, वरच्या श्वासमार्गात वाढतो. पीसीआर टेस्ट व्हायरसचा जनुकीय तुकडाच शोधते, म्हणून ती लवकर पॉझिटिव्ह येऊ शकते. सीटी किंवा एक्स-रेला व्हायरस दिसत नाही, कधीच दिसत नाही. त्यांना दिसते ती फुप्फुसाची प्रतिक्रिया, म्हणजे वायुकोशांच्या (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या) भिंती सुजल्या, आत थोडं पाणी आणि पेशी साचल्या, हवेची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली. सीटीची मोजपट्टी अशी की हवा उणे १०००, पाणी शून्य, आणि हवेने भरलेलं निरोगी फुप्फुस साधारण उणे ७०० ते उणे ८५० च्या आसपास. हा आकडा एखाद्या भागात वर सरकला की तो भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. पण तो सरकायला आधी तिथे काहीतरी बिघडावं लागतं. म्हणजे सीटी लवकर करणं आणि आजार लवकर पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्यांचा घोळ इथेच होतोय.

सुरुवातीचा बदल दिसतो कसा तेही सांगते, कारण रिपोर्टमध्ये "ग्राउंड ग्लास" हा शब्द वाचून लोकांची झोप उडते. तो भाग पांढराफटक नसतो, काचेवर वाफ धरावी तसा धुरकट असतो, आणि त्या धुरकटपणातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. रक्तवाहिन्या झाकल्या गेल्या तर त्याला कन्सॉलिडेशन म्हणायचं, म्हणजे तिथली हवा जवळपास गेलीच. कोविडमध्ये हे धुरकट पॅच बहुतेक वेळा दोन्ही फुप्फुसांत, खालच्या भागात, पाठीकडे आणि बाहेरच्या कडेला, प्लुराला (फुप्फुसावरच्या पातळ आवरणाला) लागून असतात. आठ-दहा दिवसांनी त्या धुरकट भागात बारीक जाळी दिसायला लागते, काही ठिकाणी घट्टपणा येतो, आणि मग बरं होताना ते हळूहळू विरतं. विरायला कित्येक आठवडे लागू शकतात, त्यामुळे ताप जाऊन महिना झाला तरी सीटीत खुणा दिसल्या म्हणून आजार अजून चालू आहे असं समजू नका.

दिवसांचा हिशेब किती महत्त्वाचा आहे त्याचा एक आकडा मला तोंडपाठ आहे. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या १२१ कन्फर्म रुग्णांचे सीटी दिवसांनुसार वेगळे करून बघितले गेले, तर लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत ज्यांचा सीटी झाला त्यातल्या ५६ टक्के लोकांचा सीटी पूर्ण नॉर्मल होता. निम्म्याहून जास्त! आणि हे सगळे खरोखर पॉझिटिव्ह असलेले लोक. तुम्ही आज नेमके त्याच टप्प्यावर आहात. आज सीटी नॉर्मल आला तर तुम्ही "चला, काही नाही" म्हणून ऑफिसला जाल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांत मिसळाल, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती या खोट्या दिलाशाची वाटते.

मग सीटीने ९७ टक्के केसेस सापडतात असं जे ऐकायला मिळतं ते कुठून आलं? तेही खरंच आहे, फक्त अर्धंच सांगितलं जातं. वुहानमधल्या १०१४ लोकांवरच्या एका अभ्यासात पीसीआर प्रमाण मानून सीटीची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती जण पकडले) ९७ टक्के निघाली, आणि त्याच अभ्यासात स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर "नाही" म्हटलं) निघाली २५ टक्के. म्हणजे ज्यांची पीसीआर निगेटिव्ह होती अशा चार जणांपैकी तिघांच्या सीटीतही काहीतरी "संशयास्पद" होतं. साथ ऐन भरात, पीसीआरही काही केसेस चुकवत होती, त्यामुळे २५ हा आकडा जरा अन्यायाचाच आहे हे मान्य. नंतर बरेच अभ्यास एकत्र करून कोक्रेनने (वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी संस्था) जो आढावा घेतला त्यात सीटीची सेन्सिटिव्हिटी साधारण ८७ आणि स्पेसिफिसिटी ७८ अशी आली, हे आकडे जास्त वास्तववादी वाटतात.

आता हे चांगले आकडेच धरू. समजा तुमच्यासारखी लक्षणं असलेले हजार लोक आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरंच कोविड आहे. सगळ्यांचा सीटी केला तर ५० पैकी साधारण ४३ सापडतील, ७ सुटतील. उरलेल्या ९५० मधल्या २०० हून जास्त लोकांना सीटी उगाचच संशयित ठरवेल. म्हणजे "कोविडसारखं दिसतंय" असा रिपोर्ट हातात पडलेल्या सहा जणांत खरा एकच. साथ जोरात असेल, हजारात ५०० जणांना असेल, तर हाच सीटी बराच भरवशाचा वाटायला लागतो. मशीन तेच, वाचणारी मीच, पण रिपोर्टचा अर्थ बदलला, कारण आधीची शक्यता बदलली. त्यामुळे "सीटी कितपत अचूक असतो" या प्रश्नाला मी एक आकडा देतच नाही, आधी विचारते की आसपास साथ कशाची आहे, लक्षणं कधीपासून आहेत, घरात अजून कोणाला आहे का.

दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं होईल. लक्षणं नसतानाही सीटीत बदल सापडू शकतात. डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावरच्या १०४ पॉझिटिव्ह लोकांचे सीटी बघितले गेले, त्यातल्या ७६ जणांना लक्षणंच नव्हती आणि तरी त्यातल्या ४१ जणांच्या फुप्फुसात धुरकट भाग होते. म्हणजे सीटी लवकर काही दाखवतच नाही असं म्हणणंही चूक. दाखवतो कधीकधी. पण हे लोक आधीच टेस्टने पॉझिटिव्ह ठरलेले होते, आणि ते छोटे पॅच सापडल्यामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या उपचारात फरक पडण्यासारखं काही नव्हतं. कोविडचा ओमायक्रॉन हा प्रकार आल्यावर तर चित्र अजून बदललं, तो वरच्या श्वासमार्गात जास्त रमतो, त्यामुळे पीसीआर पॉझिटिव्ह आणि सीटी स्वच्छ असं आधीच्या डेल्टा प्रकाराच्या वेळेपेक्षा बरंच जास्त दिसायला लागलं.

आणि व्हायरस कोणता हे सीटीवरून सांगता येतं का, तर प्रामाणिक उत्तर म्हणजे नाही, फार तर अंदाज. फ्लूचा न्यूमोनियाही धुरकट पॅच दाखवतो. आरएसव्हीमध्ये जास्त करून श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसतात आणि टोकाला फांदीवर कळ्या आल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. अडिनोव्हायरस कधीकधी एकच लोब (फुप्फुसाच्या पाच मोठ्या भागांपैकी एक) असा घट्ट करतो की बॅक्टेरियल न्यूमोनियाच वाटावा. मोठ्या माणसाला कांजिण्या छातीत उतरल्या तर बारीक बारीक गाठी दिसतात. वर धुरकटपणा हा काही व्हायरसचा मक्ता नाही. हार्टच्या त्रासाने फुप्फुसात साचलेलं पाणी, फुप्फुसातला रक्तस्राव, एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन, पक्ष्यांच्या विष्ठेची किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमधला न्यूमोसिस्टिस (एका बुरशीचा न्यूमोनिया), सगळे सुरुवातीला असेच दिसू शकतात. म्हणून २०२० मध्ये आमच्या संघटनांनी रिपोर्ट लिहायची भाषाच ठरवून दिली, टिपिकल, इनडिटरमिनेट, अटिपिकल आणि निगेटिव्ह. यातल्या "निगेटिव्ह"चा अर्थ न्यूमोनियाच्या खुणा नाहीत एवढाच, कोविड नाही असा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनेही तेव्हाच सांगितलं होतं की सीटी स्क्रीनिंगसाठी किंवा पहिली टेस्ट म्हणून वापरू नका.

आता आतली गोष्ट, जी रिपोर्ट वाचणाऱ्याला कधी कळत नाही. सुरुवातीचा हलका धुरकटपणा ओळखणं अवघड आहे कारण निरोगी फुप्फुसही तसं दिसू शकतं. माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी एक सीटी आला होता, तिशीतला माणूस, तापाचा तिसरा दिवस, रिपोर्टमध्ये लिहिलेलं "दोन्ही बाजूला खाली अर्ली व्हायरल चेंजेस". घरात रडारड. मी स्लाइस वरून खाली सरकवत नेले तर पहिली गोष्ट दिसली ती श्वासनलिका. तिची मागची भिंत मऊ असते, पूर्ण श्वास भरून धरला की नळी गोलसर दिसते, श्वास सोडला की ती भिंत आत दबते. इथे ती आत दबलेली होती, म्हणजे बिचाऱ्याला खोकल्यामुळे श्वास धरताच आला नव्हता आणि फोटो श्वास सोडताना निघाला होता. हवा कमी, त्यामुळे सगळंच फुप्फुस थोडं उजळ. खालचा तो "पॅच" दोन्ही बाजूला अगदी सारखा, पाठीच्या बाजूला जास्त ठळक आणि पुढे येताना हळूहळू फिका होत गेलेला. माणूस उताणा झोपला की पाठीकडचे वायुकोश वजनाने जरासे मिटतात, त्याची ही सावली. पालथं झोपवून खालच्या भागाचे मोजके स्लाइस परत घेतले, श्वास नीट धरायची तालीम करून घेतली, आणि तो पॅच गायब.

खरा सुरुवातीचा पॅच वेगळा वागतो. समजा उजव्या खालच्या लोबमध्ये, प्लुरापासून थोड्याच अंतरावर, दीड-दोन सेंटिमीटरचा धुरकट गोळा आहे, डावीकडे तसं काही नाही किंवा असलं तरी वेगळ्याच जागी आहे, गोळ्याच्या कडा बऱ्यापैकी कळतात, त्यातून जाणारी रक्तवाहिनी शेजारणीपेक्षा जरा जाड दिसते, आणि माणूस पालथा झाला तरी गोळा हलत नाही. असं दिसलं की मी "व्हायरल न्यूमोनिया असू शकतो, टेस्टशी आणि लक्षणांशी ताडून बघा" असं लिहिते. ते ताडून बघा लिहिलेलं लोकांना वाटतं की आम्ही हात झटकले. तसं नाहीये, त्या फोटोत खरंच तेवढंच असतं.

एक्स-रेबद्दल घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे. छोटे धुरकट पॅच एक्स-रेत सहज हरवतात, हृदयाच्या मागे, डायफ्रामच्या मागे, बरगड्यांच्या सावलीत. हाँगकाँगमधल्या ६४ कोविड रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या एक्स-रेची सेन्सिटिव्हिटी ६९ टक्के होती आणि पहिल्या पीसीआरची ९१, आणि एक्स-रेतले बदल सगळ्यात जास्त दिसले ते १० ते १२ व्या दिवशी. तरी मी एक्स-रेला कमी लेखत नाही. दम लागलेल्या माणसाचा एक्स-रे एका मिनिटात खूप काही सांगतो: लोबर न्यूमोनिया आहे का, फुप्फुसाभोवती पाणी आहे का, फुप्फुस कोलमडलंय का, हार्ट मोठं आहे का. आणि बेसलाइन म्हणून तुमचा नॉर्मल एक्स-रे उपयोगीच आहे, पुढे गरज पडली तर त्याच्याशी तुलना करता येईल.

सोनोग्राफीही काही ठिकाणी वापरतात, फुप्फुसाच्या कडेचा आजार असेल तर उभ्या चमकदार रेषा आणि प्लुराची खडबडीत रेघ दिसते, रेडिएशन नाही, पलंगाशेजारी करता येते. पण कडेपर्यंत न आलेला आजार तिला दिसत नाही आणि करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. आयसीयूत उत्तम, तुमच्या केसमध्ये गरज नाही.

तुम्ही म्हणाल, लवकर कळलं तर औषध लवकर सुरू होईल ना? हा मुद्दा बरोबर आहे, पण नीट बघा की त्या औषधांना सीटी लागतच नाही. फ्लूचं ऑसेल्टामिव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी, कोविडच्या पॅक्सलोव्हिडसारख्या गोळ्या जास्त धोका असलेल्यांना पहिल्या ५ दिवसांत द्यायच्या. दोन्ही निर्णय टेस्ट, लक्षणं आणि तुमचा धोका बघून होतात. सीटीत पॅच आहे की नाही याची वाट कोणी बघत नाही, बघूही नये.

उलट लवकर केलेल्या सीटीमुळे नको ते औषध सुरू झालेलं मी बघितलंय. सीटीत दोन छोटे पॅच, ऑक्सिजन ९८, आणि माणूस चौथ्या दिवशी स्टिरॉइडवर. २०२० च्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलने (कोविडच्या औषधांच्या चाचणीने) स्पष्ट दाखवलं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांना झाला, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, कदाचित तोटाच. म्हणजे स्टिरॉइड द्यायचं की नाही हे ऑक्सिजनची गरज ठरवते, सीटीतला पॅच नाही. कुठल्याही टेस्टआधी मी हाच प्रश्न विचारते की रिझल्ट पॉझिटिव्ह आला तर काय करणार आणि निगेटिव्ह आला तर काय करणार. दोन्हीचं उत्तर "पॅरासिटामॉल, आराम, ऑक्सिजनवर लक्ष" असंच असेल तर ती टेस्ट आज कशाला?

सीटी रिपोर्टमध्ये २५ पैकी जो स्कोअर सांगतात त्याबद्दलही दोन शब्द. फुप्फुसाचे पाच लोब, प्रत्येकाला किती भाग बाधित यावरून ० ते ५, बेरीज २५. तो फक्त त्या क्षणी किती फुप्फुस बाधित आहे ते सांगतो. चौथ्या दिवशीचा ८ आणि बाराव्या दिवशीचा ८ यांचा अर्थ अगदी वेगळा आहे, पहिला अजून चढू शकतो, दुसरा कदाचित उतरणीला लागलेला असेल. दिवस न सांगता नुसता स्कोअर विचारणाऱ्या नातेवाईकांना मी आधी तारीखच विचारते.

रेडिएशनचं घाबरवणार नाही. एका छातीच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), नेहमीच्या छातीच्या सीटीचा ५ ते ७, लो-डोस सीटीचा दीडच्या आसपास, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. गरज असेल तर एका सीटीला अजिबात नाही म्हणू नका. मला जास्त काळजी असते ती वाटेत सापडणाऱ्या भलत्याच गोष्टींची. निरोगी माणसाच्या सीटीतही ४-५ मिलिमीटरची एखादी बारीक गाठ सर्रास सापडते, बहुतेक निरुपद्रवी असते, पण एकदा रिपोर्टमध्ये आली की डोक्यातून जात नाही, मग पुढचे सीटी, गुगल, झोप नाही. आले होते ताप म्हणून आणि गेले गाठीचं टेन्शन घेऊन.

आता माझं उत्तर बदलतं ते कधी. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, बोलताना किंवा चार पावलं चालताना दम लागायला लागला, छातीत दुखतंय, ओठ निळसर, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं वाटतंय, तर ही वाट सोडून थेट हॉस्पिटल, सीटी सेंटर नाही. तिथे डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी ठरवतील, आणि रक्ताच्या गुठळीची शंका असेल तर डाय देऊन वेगळा सीटी लागतो, साध्या सीटीत ती शंका फिटत नाही. दुसरं, किमो चालू असलेले, अवयव बदललेले, बराच काळ स्टिरॉइडवर असलेले लोक. यांच्या बाबतीत मी तिसऱ्या दिवशीही सीटीला हो म्हणते, कारण यांचा एक्स-रे फसवतो आणि व्हायरसशिवाय बुरशी, न्यूमोसिस्टिस अशा वेगळ्या औषधाच्या गोष्टी शोधायच्या असतात. तिसरं, माणूस अ‍ॅडमिट होण्याइतका आजारी आहे आणि टेस्ट वारंवार निगेटिव्ह येतेय किंवा टेस्टचा रिझल्ट यायला दिवस लागतायत, वॉर्ड ठरवायचाय. फ्लायश्नर सोसायटीने (छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांची संघटना) एप्रिल २०२० मध्ये जे मार्गदर्शन केलं त्याचाही रोख असाच होता, सौम्य लक्षणं आणि धोका कमी तर इमेजिंग नको, मध्यम ते गंभीर त्रास किंवा आजार वाढतोय तर हवं. आणि चौथं, पाच-सहा दिवस झाले, ताप हटत नाही किंवा उतरून परत चढला, खोकला वाढतोय. तेव्हा आधी परत तपासणी आणि परत एक्स-रे, मग लागला तर सीटी. लहान मुलांचा हिशेब वेगळा आहे, बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) तर एक्स-रेही सरसकट काढत नाहीत, ते मुलांच्या डॉक्टरांवर सोडा.

तोपर्यंत घरी काय करायचं, तर दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिजन बघा आणि लिहून ठेवा. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल तर रीडिंग चुकतं, आणि त्वचा गडद असेल तर मशीन खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो घसरतोय का ते बघा. बसून ९६-९७ असेल तर घरातच सहा मिनिटं चाला आणि परत बघा, तीन-चार टक्क्यांनी पडला तर डॉक्टरांना लगेच कळवा. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल किंवा दम लागत असेल तर ही चालायची टेस्ट करायची नाही. कोविडमध्ये काही लोकांना ऑक्सिजन बराच खाली जाईपर्यंत दम जाणवत नाही, म्हणून हा खटाटोप.

एआय टूल्सचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये बसवलेली, तपासून घेतलेली सॉफ्टवेअर वेगळी आणि मोबाइलवर फोटो टाकायची टूल्स वेगळी. २०२१ मध्ये कोविड ओळखणाऱ्या एआय मॉडेल्सचा एक मोठा आढावा आला, त्यात नीट तपासायला घेतलेल्या ६२ अभ्यासांपैकी एकही मॉडेल प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरण्याजोगं निघालं नाही. एक कारण तर हसू येण्यासारखं: काही मॉडेल्सना "कोविड नसलेले" म्हणून लहान मुलांचे एक्स-रे शिकवले होते आणि कोविडचे मोठ्या माणसांचे, मग मॉडेल कोविड नाही, वय ओळखायला शिकलं. काही मॉडेल्स फिल्मच्या कोपऱ्यातल्या अक्षरांवरून अंदाज बांधत होती. त्यानंतर बरीच प्रगती झालीय, पण लाइटबॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो आणि त्यावर आलेलं "८७ टक्के न्यूमोनिया" यावर मी तरी कुठलाच निर्णय घेणार नाही.

पुढे खरंच सीटी करायची वेळ आली तर चार गोष्टी करा. लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली ते फॉर्मवर लिहायला लावा, नुसतं "ताप, खोकला" नको. टेस्ट केली असेल तर तिचा रिझल्ट आणि तारीख सांगा. आत झोपल्यावर टेक्निशियन श्वास धरा म्हणेल त्याआधी दोन-तीनदा सराव करून बघा, खोकला येत असेल तर तसं आधीच सांगा, तो थांबेल. आणि परवाच्या एक्स-रेची फिल्म आणि छातीचा कुठलाही जुना सीटी असेल तर त्याची सीडी सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट नको, कारण पाच वर्षांपूर्वीही तिथेच असलेला डाग आजच्या तापाचा नसतो आणि ते मला जुने फोटो शेजारी लावल्याशिवाय सांगता येत नाही.